आकाशातला नाका

कनेरगावे आणि कान्हेरगावे महाराष्ट्रात बरीच आहेत. पण हिंगोलीहून वाशीमला जाताना लागणारे कनेरगाव आपल्या नावापुढे ‘नाका’ हा शब्द एखाद्या बिरुदासारखा लावून बसले आहे. आज त्या नाक्यावर कोणी कोणाला अडवत नाही. हळदीची पोती आणि सोयाबीन भरलेले ट्रक थांबतात ते चहासाठी. पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो, हे प्रवाशाला पाटी वाचूनच कळते. निजामाच्या काळात मात्र ही हद्द म्हणजे खरोखरीची हद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. निजामी राज्याच्या सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असत. माल उघडून दाखवा, पैसे भरा, पावती घ्या आणि मग पुढे जा.

यातली खरी गंमत पुढेच आहे. पलीकडचा वऱ्हाड तरी कोणाचा होता? कागदोपत्री तोही निजामाचाच! १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो मुलूख वर्षाला २५ लाख रुपये खंडावर कायमच्या पट्ट्याने घेतला. निजामाचे सार्वभौमत्व मान्य आहे, असे १९३६ च्या करारात पुन्हा एकदा लिहून दिले. निजामाच्या थोरल्या चिरंजिवांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. किताब हैदराबादेत राहिला आणि कलेक्टर अकोल्यात बसला. नाक्याच्या दोन्ही बाजूंची जमीन एकाच धन्याच्या नावावर, आणि तरी मध्ये नाका! मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडलेले नाही.

मी बँकेत नोकरी केली. त्यातली तीन वर्षे याच भागातल्या एका शाखेत गेली. कादंबऱ्या लिहिणे हा रात्रीचा उद्योग होता. दिवसा मालकी आणि ताबा या दोन शब्दांवरच माझे पोट चालत होते. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या अंगणात उभा असतो, तोच तो चालवतो, दसऱ्याला त्याला झेंडूची माळही तोच घालतो, पण आर. सी. पुस्तकावर बँकेचा बोजा असतो. सोन्याचे उलटे. मालकी बाईची, पण पाटल्या आमच्या तिजोरीत. वस्तू कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात ती कोणाच्या शब्दावर चालते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे नव्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यातच शिकवले जाते. देशातल्या विमानकंपन्यांची मालकी परदेशी माणसाकडे असावी की नसावी, यासंबंधीचे आपले कायदे मी वाचू लागलो, तेव्हा मला पदोपदी हीच शिकवण आठवत होती.

मुळात असा कायदा लागतोच कशाला? परदेशी कंपनी साबण बनवते, मोटारी बनवते, आपण हरकत घेत नाही. विमानांचेच काय एवढे? त्याचे उत्तर डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत झालेल्या करारात आहे. दुसरे महायुद्ध अजून संपायचे होते. विमान काय करू शकते, हे लंडनपासून टोकियोपर्यंत सर्वांनी पाहिले होते. त्या कराराच्या पहिल्याच कलमात सांगितले आहे की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे. जमिनीवर पैनगंगेच्या काठी नाका घालता येतो, आकाशात घालता येत नाही. म्हणून सबंध आकाशच नाका करून टाकले. सातव्या कलमाने प्रत्येक देशाला आणखी एक हक्क दिला. आपल्या देशातल्या दोन गावांमधली उतारू आणि मालाची वाहतूक परदेशी विमानांना नाकारण्याचा. त्यामुळे दुबईच्या कंपनीचे विमान दुबईहून मुंबईला येईल. पण मुंबईत बसलेल्या उतारूला नागपूरला नेऊन सोडणार नाही. ती वाहतूक आपल्या कंपन्यांसाठी राखीव आहे.

आता मुंबई-नागपूरच्या धंद्यावर ज्या परदेशी कंपनीचा डोळा आहे, तिने काय करावे? तिने आपल्याकडची कंपनीच विकत घ्यावी. विमान आत येऊ शकत नसेल तर पैसा येईल. म्हणून मग पैशावर दुसरा नाका. विमानकंपनीची मालकी किती टक्के परदेशी असावी, हा प्रश्न तिथून सुरू होतो. हा केवळ आपला हट्ट नव्हे. अमेरिकेत परदेशी माणसाला विमानकंपनीचे मताधिकार असलेले २५ टक्क्यांहून अधिक भाग घेता येत नाहीत. युरोपीय संघात निम्म्याहून अधिक मालकी संघातल्या नागरिकांकडेच लागते. ऑस्ट्रेलियाने मात्र देशांतर्गत उड्डाणांपुरते दार सताड उघडले आणि तिथले आकाश काही कोसळले नाही.

आपल्या लोकांना या राखीव हक्काचे महत्त्व आकाशाच्या आधी समुद्राने शिकवले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ १९१९ साली मुंबईहून निघाले. इंग्रज जहाजकंपन्यांनी दर पाडून सिंदियाचे नाक दाबले. आपल्याच किनाऱ्यावरचा माल आपल्या जहाजांनी न्यावा, इतकी साधी मागणी करणारे विधेयक १९२८ च्या सुमारास कायदेमंडळात आले, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही. स्वातंत्र्यानंतरच किनारी वाहतूक राखीव झाली. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना ‘परदेशी कंपनी’ म्हटले की जो राग येई, त्याला हा अनुभव होता. नंतरच्या विमानधोरणांत जो संशय दिसतो, त्याला केवळ नोकरशाहीचा आडमुठेपणा म्हणून मोडीत काढणे मला बरोबर वाटत नाही.

कनेरगावच्या निजामी बाजूलाही स्वतःचे विमान होते, हे आज कोणाला सांगून खरे वाटणार नाही. १९४५ साली हैदराबादेत ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी निघाली. तिच्यात ७१ टक्के भाग निजाम सरकारचे आणि २९ टक्के टाटांचे. आजच्या कायद्याच्या भाषेत बोलायचे तर संस्थानाच्या हद्दीबाहेरच्या विमानकंपनीला २९ टक्के! जाणकाराला भागीदार म्हणून घ्यायचे, पण दोरी आपल्या हातात ठेवायची, हे सूत्र निजामाच्या अधिकाऱ्यांना तेव्हाच सुचले होते. आपल्या सरकारला ते सुचायला २०१२ साल उजाडले.

आकाशाला नाका का हवा, याचा धडाही याच मुलखाने पाहिला. १९४८ च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने उडवून हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवत होता. बीदर, वरंगळ या विमानतळांवर ती उतरत. खाली सरहद्दीच्या वऱ्हाडी बाजूला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या, अलीकडे रझाकारांची दहशत होती आणि नाक्यावरचा करोडगिरीचा शिपाई बैलगाड्या तपासत होता. त्याच्या डोक्यावरून काय चालले आहे, याच्याशी त्याच्या पावतीपुस्तकाचा काही संबंध नव्हता. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, निजामाचे राज्य संपले. कॉटनला पुढे इंग्लंडमध्ये दंड झाला, तो २०० पौंडांचा.

स्वतंत्र भारताने १९५३ साली सगळा प्रश्नच निकालात काढला. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स निघाली आणि परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे राहिली. खासगी मालकच नाही, तर परदेशी मालक कुठून येणार? पुढची चाळीस वर्षे सामान्य माणसाच्या दृष्टीने विमान म्हणजे सरकार. आमच्या शाखेत विमानात बसलेला माणूस एकच होता, आमचे व्यवस्थापक. आणि तेही एकदाच. त्या प्रवासात मिळालेली लिमलेटची गोळी त्यांनी खाल्ली नाही, मुलीसाठी खिशात ठेवली, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितले की ती गोळी आम्हालाही पाठ झाली होती.

नव्वदीच्या सुरुवातीला दार किलकिले झाले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशी नावे जाहिरातींत झळकू लागली. मे १९९३ मध्ये जेट एअरवेजचे पहिले उड्डाण झाले आणि १९९४ मध्ये जुना राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला. जेटची मालकी पाहिली तर बँकेतल्या माणसाला गंमत वाटावी. नरेश गोयल यांची ‘टेलविंड्स’ नावाची कंपनी, तिची नोंदणी आइल ऑफ मॅन या बेटावर, आणि तिच्यात गल्फ एअर व कुवेत एअरवेज यांचे प्रत्येकी २० टक्के भाग. म्हणजे परदेशी विमानकंपन्यांचा पैसा आत आलेला होता. त्याच सुमारास टाटांनी सिंगापूर एअरलाइन्सला बरोबर घेऊन देशांतर्गत कंपनी काढण्याचा प्रस्ताव दिला; त्यात सिंगापूरचा वाटा ४० टक्के होता. एकाला चालले ते दुसऱ्याला का नाही, अशी चर्चा सुरू झाली. दिल्लीत तेव्हा कोणी कोणासाठी शब्द टाकला, याच्या कहाण्या पुष्कळ आहेत; मी कादंबरीकार असलो तरी त्या इथे सांगणार नाही.

निकाल १९९७ मध्ये लागला. नवे धोरण असे: देशांतर्गत विमानकंपनीत परदेशी भांडवल ४० टक्क्यांपर्यंत चालेल, अनिवासी भारतीयांचे १०० टक्के चालेल, पण परदेशी विमानकंपनीचा एक पैसाही, सरळ किंवा आडमार्गाने, चालणार नाही. गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांना आपले भाग काढून घ्यावे लागले. टाटांनी १९९८ मध्ये प्रस्ताव मागे घेतला. आता या नियमाकडे जरा नीट पाहा. परदेशातल्या पेन्शन फंडाने, बँकेने, साबणवाल्याने विमानकंपनीत पैसे घालावेत. फक्त ज्याला विमान चालवता येते त्याने घालू नयेत! दवाखाना काढायला डॉक्टर सोडून कोणाचीही भागीदारी चालेल, असे म्हणण्यातलाच हा प्रकार.

अर्थात नियमामागची भीती अगदीच खोटी नव्हती. परदेशी विमानकंपनी आपल्या कंपनीत वाटा घेते, ती काही मुंबई-नागपूरच्या तिकिटांतल्या नफ्यासाठी नव्हे. तो नफा किती तुटपुंजा असतो, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तिला हवे असतात ते आपले उतारू. लहान शहरांतून ते गोळा करायचे, आपल्या राजधानीच्या विमानतळावर न्यायचे आणि तिथून युरोप-अमेरिकेच्या मोठ्या विमानांत भरायचे. सरकीची पोती गावोगाव गोळा करून घाण्यावर नेण्यासारखेच हे. तेल घाण्यावर निघते, गावात ढेप उरते.

२००४ मध्ये परदेशी भांडवलाची मर्यादा ४० वरून ४९ टक्के झाली. विमानकंपन्यांवरची बंदी तशीच राहिली. ती उठली १४ सप्टेंबर २०१२ ला. त्या दिवशी परदेशी विमानकंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत वाटा घेण्याची मुभा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. या निर्णयासाठी ज्यांनी सर्वांत मोठा आवाज केला होता, त्यांत किंगफिशरचे विजय मल्ल्या होते. पण निर्णय झाला तेव्हा किंगफिशरची धाप लागलेली होती आणि पुढच्याच महिन्यात तिचा परवाना स्थगित झाला. बुडत्या जहाजात वाटा घ्यायला कोणी परदेशी आला नाही. आत अडकल्या होत्या त्या आपल्याच सतरा बँका.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हा माझ्या घरचा विषय आहे. आमच्या शाखेत तीस हजारांचे पीककर्ज द्यायचे तर सातबारा लागे, आठ-अ लागे, आसपासच्या सोसायट्यांचे बेबाकी दाखले लागत, दोन जामीनदार लागत. जामीनदारही असे की त्यांच्याकडे आधीच थकबाकी नको. किंगफिशरच्या कर्जाला तारण म्हणून जे जे दिले होते, त्यात एक होते कंपनीचे नाव, म्हणजे ‘ब्रँड’. त्याची किंमत कर्जाच्या वेळी चार हजार कोटींहून अधिक धरली होती. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ते नाव लिलावात काढले, ३६६ कोटींच्या आसपासच्या राखीव किमतीला. एकही बोली आली नाही. विमानतळाजवळची किंगफिशर हाउस ही इमारत सुरुवातीला दीडशे कोटींना विकायला काढली होती. एकामागून एक लिलाव फसत गेले आणि २०२१ मध्ये ती बावन्न कोटींच्या आसपास विकली गेली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की मल्ल्यांच्या इतर मालमत्तांतून चौदा हजार कोटींहून अधिक रक्कम सरकारी बँकांना परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. पैसे आले, पण ते विमानांतून आले नाहीत.

हा पैसा मुळात कुठला, हे गावाकडच्या शाखेत बसलेल्या माणसाला चांगले माहीत असते. कापूस विकला की, म्हैस विकली की, शिक्षकाचा फंड निघाला की ठेव येई. ठेवी गोळा करायच्या उद्दिष्टाचा कागद दर तिमाहीला येई. शाखेने गोळा केलेले सगळे पैसे त्या परिसरात कर्जाऊ जात नसत. उरलेले वर जात. वर म्हणजे कुठे, असा प्रश्न एका हळद व्यापाऱ्याने मला विचारला होता. मी म्हणालो, मुंबईला. तो म्हणाला, मग तिकडून कधी खाली येतात का?

परदेशी मालकीच्या कायद्यात हा प्रश्न कुठेच नाही. कायदा भागधारकांच्या नोंदवहीकडे पाहतो. ४९ का ५१, एवढेच मोजतो. पण विमानकंपनी स्वतःच्या भांडवलावर फारशी चालतच नाही. ती चालते कर्जावर आणि भाड्याच्या विमानांवर. कर्ज देणारी बँक देशी, म्हणून तिला नाका नाही. विमान भाड्याने देणारा परदेशी, पण तो भागधारक नाही, म्हणून त्यालाही नाका नाही.

जेटचीच गोष्ट घ्या. २०१३ मध्ये अबूधाबीच्या एतिहाद कंपनीने जेटमध्ये २४ टक्के वाटा घेतला, सुमारे २,०५८ कोटी रुपयांना. नव्या मुभेतला हा पहिला मोठा व्यवहार. ४९ टक्क्यांची परवानगी असताना २४ च का घेतले? २५ टक्क्यांना स्पर्श झाला असता तर बाकीच्या भागधारकांना त्यांचे भाग विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव देण्याचा नियम लागला असता. शिवाय विमानकायद्याच्या नियमांत एक जुनी अट आहे: कंपनीचा अध्यक्ष आणि दोन-तृतीयांश संचालक भारतीय नागरिक हवेत, आणि बरीचशी मालकी व प्रत्यक्ष ताबा भारतीयांच्या हाती हवा. पुन्हा तेच दोन शब्द, मालकी आणि ताबा! व्यवहाराच्या पहिल्या मसुद्यात ताबा एतिहादकडे झुकतो आहे, अशी शंका सरकारी संस्थांनी काढली. करार बदलले, एतिहादचे संचालक तीनवरून दोन झाले. कागद स्वच्छ झाला.

पण कागदाबाहेर काय घडले? एतिहादने जेटच्या लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या उतरण्या-उडण्याच्या तीन जोड वेळा सात कोटी डॉलरना घेतल्या. जेटच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेतला निम्म्याहून किंचित जास्त वाटाही घेतला. आणि याच व्यवहाराच्या सुमारास भारत आणि अबूधाबी यांच्यामधल्या विमानांत आठवड्याला ३६ हजारांहून अधिक जागा वाढवण्याचा करार झाला. २४ टक्के हा आकडा या सगळ्याचे वजन सांगत नाही. घराचा चौथा हिस्सा घेतलेल्या माणसाकडे विहीर आणि अंगणातली वाट गेली, तर बाकीच्या तीन हिश्श्यांचे काय करायचे?

मार्च २०१९ मध्ये गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले. एतिहादने आणखी पैसे घातले नाहीत. बँकांकडे तातडीचे ४०० कोटी मागितले होते, ते बँकांनी दिले नाहीत आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान जेटचे शेवटचे ठरले. हजारो लोकांचे पगार, फंड, ग्रॅच्युइटी अडकली. पुढे दुबईतला एक अनिवासी भारतीय आणि लंडनची एक गुंतवणूक कंपनी यांच्या जोडीने कंपनी घ्यायची तयारी दाखवली. तोवर कायदा आणखी सैल झाला होता. २०१६ पासून परदेशी गुंतवणूकदाराला सरकारी परवानगीने १०० टक्क्यांपर्यंत मुभा होती, फक्त परदेशी विमानकंपनीला ४९ ची मर्यादा कायम होती. पाच वर्षे खटले चालले, विमाने उभ्या उभ्या गंजली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढण्याचा आदेश दिला. देशी मालक होता, परदेशी भागीदार होता, नवे परदेशी गिऱ्हाईकही होते. टक्केवारीची एकही मात्रा लागू पडली नाही.

आता भाड्याच्या विमानांकडे वळू. आपल्या विमानांच्या शेपटीजवळ ‘व्हीटी’ ही भारतीय नोंदणीची अक्षरे असतात. ती पाहून विमान आपले, असे आपण समजतो. पण आपल्या कंपन्यांची बहुतांश विमाने भाड्याची आहेत आणि त्यांचे मालक प्रामुख्याने आयर्लंडमध्ये, डब्लिनला, बसलेले आहेत. कंपनी चालते आहे तोवर मालक दिसत नाही. ती अडचणीत आली की लगेच दिसतो. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा न्यायाधिकरणाने सगळ्या देण्यांना आणि जप्तीला स्थगिती दिली. परदेशी मालकांची विमाने आपल्या तळांवर अडकली. भाडे मिळेना आणि विमानही नेता येईना. अखेर एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कंपनीच्या ५४ विमानांची भारतीय नोंदणी पाच दिवसांत रद्द करायला सांगितले. नोंदणी रद्द म्हणजे ‘व्हीटी’ पुसली, आणि विमान आपल्या घरी गेले.

या वर्षभराच्या अडवणुकीचा परिणाम असा की भारतीय कंपनीला विमान देताना भाडे वाढवून मागितले जाऊ लागले. तो वाढीव खर्च तिकिटात येतो, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून जातो. २००१ मध्ये केपटाऊनला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आपण २००८ मध्ये सामील झालो होतो. थकबाकी झाली तर मालकाने विमान सोडवून न्यावे, अशी त्याची साधी अट. पण देशातला कायदा त्याला जुळवून घेतलेला नव्हता. २०२५ च्या एप्रिलमध्ये संसदेने तसा कायदा केला. वर्तमानपत्रांत तो आतल्या पानावर चार ओळींत आला. माझ्या मते १९९७ पासून टक्केवारीवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या निम्मी जरी या कायद्यावर झाली असती तरी चालले असते. परदेशी माणूस आपल्या विमानकंपनीवर खरा हात ठेवतो तो इथे. आणि तो हात आपण स्वतः, कायद्याने, मान्य केला आहे. केला ते योग्यच झाले असे मी म्हणेन. भाड्याने घेतलेली वस्तू परत द्यायची नाही, या पायावर कोणताच धंदा उभा राहत नाही. फक्त मग ‘आमची कंपनी पूर्ण भारतीय’ हे छाती काढून सांगताना आवाज जरा बेताचा ठेवावा.

टाटा आणि सिंगापूर यांची गोष्ट मात्र पुरी झाली. १९९० च्या दशकात हुकलेली जोडी २०१३ मध्ये जमली, ५१ आणि ४९ टक्क्यांनी. ‘विस्तारा’ ९ जानेवारी २०१५ ला उडाली. सरकारने २०२१ मध्ये एअर इंडिया टाटांना १८ हजार कोटींना विकली. त्यातले २,७०० कोटी रोख आणि बाकीचे कर्ज डोक्यावर घेऊन. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि सिंगापूरकडे एअर इंडियाचे २५.१ टक्के भाग आले. १९५३ मध्ये ज्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले, तिचा चौथा हिस्सा आज परदेशी विमानकंपनीकडे आहे आणि त्याबद्दल कोणी निषेधाची एक सभाही घेतलेली मी ऐकली नाही.

या सगळ्यात कनेरगाव नाक्याला जवळचे विमान मिळाले का? हिंगोलीमार्गे दोन-अडीच तासांवर नांदेड. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी ट्रूजेटचे हैदराबाद-नांदेड विमान सुरू झाले. मालक हैदराबादचे, पूर्ण देशी. २०२२ मध्ये ती कंपनी बंद पडली. मार्च २०२४ च्या अखेरीस कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने नांदेड पुन्हा सुरू केले. ४९ टक्क्यांच्या मुभेचा फायदा घेऊन नांदेडसाठी कोणी परदेशी आला नाही, आणि बंदीच्या काळात कोणी नांदेडसाठी अडून राहिलाही नव्हता.

तरीही या भागातली पोरे विमानात बसू लागली आहेत. कोणी गवंडी, कोणी चालक, कोणी वातानुकूलनाचा मिस्त्री. बरेचसे रेल्वेने हैदराबादला जातात आणि तिथून थेट दुबई. त्या विमानांत आठवड्याला किती जागा असाव्यात, हे भारत आणि दुबई यांच्या करारात ठरते. २०१४ पासून तो आकडा प्रत्येक बाजूच्या कंपन्यांसाठी सुमारे ६६ हजारांवर थांबलेला आहे. दुबईची कंपनी म्हणते, वाढवा; जागा भरून वाहताहेत, तिकिटे महागली आहेत. दिल्ली म्हणते, आमच्या कंपन्यांनी मोठी विमाने मागवली आहेत, ती येऊ द्या, मग बघू. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. हैदराबादच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्या मिस्त्रीने विचारले की भाडे इतके का, तर त्याला ४९ टक्क्यांचा आकडा सांगून उपयोग नाही. हा दुसरा आकडा सांगावा लागेल.